घोरणे, वजन आणि गळ्यातील ग्रंथी



घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. लग्नाच्या बिऱ्हाडी किंवा रेल्वेच्या डब्यात एखादे गृहस्थ घोरू लागले, की जागे असलेले सारे एकमेकांकडे पाहून हसतात. आणि सकाळी 'काय गाढ झोप लागते हो तुम्हाला!' असे म्हणून त्यांचा थोडासा हेवाही करतात. घोरणारा माणूस निवांत झोपलेला असतो, अशी आपली समजूत आहे. कुंभकर्णाचे नाव निघाल्यावाचून ही चर्चा संपत नाही. परंतु ते घोरणे जरा लक्ष देऊन ऐकावे. पुष्कळदा ते चढत चढत जाते आणि एकाएकी थांबते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ खोलीत शांतता पसरते. शेजारी झोपलेल्याला वाटते, सुटलो एकदाचे! आणि मग बुडणारा माणूस पाण्याबाहेर डोके काढून जसा श्वास ओढतो, तसा मोठा हिसका देऊन श्वास पुन्हा सुरू होतो. मधल्या त्या शांततेत त्या माणसाचा श्वासच बंद पडलेला असतो.

वैद्यकशास्त्रात या विकाराला निद्राश्वासरोध किंवा स्लीप ॲप्निया असे नाव आहे. निदान १० सेकंद श्वास थांबला किंवा फार उथळ झाला, म्हणजे अशी एक घटना मोजतात. तासाला पाचांपर्यंत अशा घटना घडल्या, तर वैद्य सहसा चिंता करीत नाहीत. १५ च्या वर गेल्या तर विकार मध्यम, आणि ३० च्या वर गेल्या तर तीव्र समजला जातो. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा. सात तासांच्या झोपेत दोनशे दहा वेळा! तितक्या वेळा रक्तातील प्राणवायू उतरतो, तितक्या वेळा मेंदू दचकून अर्धवट जागा होतो आणि तितक्या वेळा हृदयाला धक्का बसतो. सकाळी त्या माणसाला यांतले काही आठवत नाही. तो एवढेच सांगतो, की रात्रभर झोपलो, पण झोप झाली नाही.

या गुदमरण्याचा वाढत्या वजनाशी काय संबंध आहे, आणि अलीकडे ज्या थायरॉइडचे नाव घरोघरी ऐकू येते त्या गळ्यातील ग्रंथीशी काय संबंध आहे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय. मी वैद्य नव्हे. शाळेत शिकविण्याचा माझा व्यवसाय आहे. तथापि शरीरशास्त्राचा धडा शिकविताना आणि पालकांशी बोलताना एक गोष्ट माझ्या वारंवार ध्यानात आली. ही तीन दुखणी एकमेकांचे सोंग उत्तम वठवितात. थकवा, सुस्ती, वाढलेले वजन, विसराळूपणा, उदास मन ही सारी लक्षणे ग्रंथी मंदावली तरी दिसतात आणि झोपेत श्वास अडखळला तरी दिसतात. मग घरात जे नाव आधी ठाऊक झालेले असेल, ते सर्व लक्षणांना चिकटते.

प्रथम त्या ग्रंथीकडे वळू. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. गळ्याच्या पुढील भागात, कंठमण्याच्या किंचित खाली, ती श्वासनलिकेला बिलगून असते. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा; वजन १५ ते २५ ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबाने दीड-दोन तोळे. अन्नातील आयोडीन उचलून ती थायरॉक्सिन नावाचा स्राव तयार करते. शरीरातील ज्वलन किती वेगाने चालावे, हृदयाने किती ठोके द्यावेत, आतड्यांनी किती चपळ असावे, हे पुष्कळसे या स्रावावर अवलंबून असते. तिच्यावर देखरेख करते ती मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी. शाळेतील उपमा द्यावयाची, तर पीयूषिका ही मुख्याध्यापक आणि अवटू ही वर्गशिक्षिका. वर्गाचे काम मंदावले की मुख्याध्यापकांचा आवाज चढतो. हा चढलेला आवाज म्हणजेच रक्ततपासणीच्या कागदावरील टीएसएच. म्हणूनच ग्रंथीचे काम कमी झाले की हा आकडा वर जातो. आकडा वाढलेला पाहून 'थायरॉइड वाढला' असे लोक म्हणतात. वस्तुतः तो पुष्कळदा घटलेला असतो.

या ग्रंथीच्या मंदपणाचे पहिले चांगले वर्णन लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ साली केले. काही प्रौढ स्त्रियांचे चेहरे सुजल्यासारखे झाले होते, हालचाली आणि बुद्धी मंद झाली होती. त्या वर्णनात एक बारीक निरीक्षण आहे. त्या बायकांची जीभ रुंद आणि जाड झाली होती, आवाज घोगरा झाला होता आणि जीभ तोंडात मावत नाही की काय असे त्यांच्या उच्चारांवरून वाटे. पुढे विल्यम ऑर्ड यांनी मृत रुग्णाचे शरीर तपासले, तेव्हा कातडीखाली एक बुळबुळीत, पाणी धरून ठेवणारा पदार्थ साठलेला आढळला. त्यावरून त्यांनी या रोगाला मिक्सिडीमा हे नाव दिले. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढ्याच्या अवटू ग्रंथीचा अर्क अशाच एका शेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीला टोचला, आणि जी मृत्यूच्या वाटेवर होती ती बाई पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशे सत्तरांहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! १९१४ साली, ऐन नाताळच्या दिवशी, अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. आज तेच औषध मोहरीहून थोड्या मोठ्या गोळीच्या रूपाने औषधाच्या कोणत्याही दुकानात मिळते.

गल यांनी पाहिलेल्या त्या जाड जिभेकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो आहे, कारण आपल्या विषयाची गाठ तेथेच आहे. नाकाच्या मागून श्वासनलिकेपर्यंत जाणारा घशाचा मार्ग हाडांनी बांधलेला नाही. तो मऊ मांसाचा बोळ आहे; पुढे जीभ, वर मऊ टाळू आणि पडजीभ, बाजूला स्नायू. जागेपणी हे स्नायू ताणलेले असतात म्हणून बोळ उघडा राहतो. झोपेत ते सैल पडतात, आणि उताणे झोपल्यास जीभ मागे सरकते. ज्याचा बोळ मुळात ऐसपैस आहे त्याला याने काही होत नाही. अरुंद असेल, तर वारा फटीतून जाताना पडदा फडफडावा तसे टाळू फडफडते, तेच घोरणे. आणि श्वास आत ओढताना भिंती एकमेकींना चिकटल्या, की झाला श्वासरोध.

आता हा बोळ अरुंद कशाने होतो ते पाहा. वजन वाढले की चरबी केवळ पोटावर बसत नाही. ती गळ्याभोवती बसते, घशाच्या भिंतींत बसते आणि जिभेतही साठते. वजन उतरल्यावर श्वासरोध जो कमी होतो, त्यात जिभेतील चरबी घटण्याचा मोठा वाटा असतो, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०२० साली छायाचित्रणाने दाखविले. शिवाय पोटावरील भाराने फुप्फुसे वर दाबली जातात, ती निराळीच. विस्कॉन्सिन येथे शेकडो लोकांवर वर्षानुवर्षे चाललेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. वजन शेकडा १० ने वाढले, तर श्वासरोधाच्या घटना सुमारे शेकडा ३२ ने वाढतात. आणि तेवढेच वजन उतरले, तर शेकडा २६ ने घटतात. म्हणजे ऐंशी किलोंच्या माणसाने आठ किलो कमविले किंवा गमविले, तर त्याच्या रात्रीत एवढा फरक पडतो.

अवटू ग्रंथी मंदावते तेव्हा हाच बोळ दुसऱ्या रीतीने अरुंद होतो. ऑर्ड यांना दिसलेला तो पाणी धरणारा पदार्थ जिभेत आणि घशात साठतो. घसा उघडा ठेवणारे स्नायू दुबळे होतात. श्वास घेण्याची जी आज्ञा मेंदूकडून येते, तीही क्षीण होते. गलगंड मोठा असेल, तर तो बाहेरून श्वासनलिकेवर दाब देतो. म्हणून ग्रंथीचा मंदपणा तीव्र असलेल्या रुग्णांत श्वासरोध पुष्कळ आढळतो, आणि थायरॉक्सिन सुरू केल्यावर काहींचा तो काही महिन्यांत संपूर्ण नाहीसाही होतो. मात्र सर्वांचा होत नाही.

येथे वजनाचा एक हिशेब मांडलाच पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज फार आहे. ग्रंथी मंदावल्याने वजन वाढते हे खरे, पण किती? बहुतेकांचे दोन ते पाच किलो, आणि तेही प्रामुख्याने साठलेले मीठ आणि पाणी. म्हणजे जो पदार्थ जिभेला जाड करतो, त्याच जातीचे ते वजन आहे. गोळी सुरू झाली की एवढे वजन उतरते. एखाद्याचे वजन वीस-पंचवीस किलोंनी वाढले असेल, तर तो सारा बोजा त्या दीड-दोन तोळ्यांच्या ग्रंथीच्या माथी मारता येत नाही. उलट, शरीर स्थूल झाल्यामुळेच टीएसएचचा आकडा थोडासा वर सरकतो आणि वजन उतरताच खाली येतो, असेही दिसून आले आहे. तेव्हा जरासा वाढलेला आकडा पाहून 'माझ्या वजनाचे कारण सापडले' असे समाधान मानणे घाईचे ठरते. हे समाधान मोठे सोयीचे असते खरे! ग्रंथीला दोष दिला, की ताटातल्या तुपाची आणि जिन्याऐवजी लिफ्टची चौकशी कोणी करीत नाही.

याचा अर्थ ग्रंथीचा विकार क्वचित आढळतो असा मात्र नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील आठ शहरांमधील पाच हजारांहून अधिक प्रौढ व्यक्तींचे रक्त तपासले गेले. आपल्या परिचयाची मुंबई, गोवा आणि हैदराबाद ही ठिकाणे त्यांत होती. शेकडा जवळजवळ ११ जणांत ग्रंथीचा मंदपणा आढळला, आणि त्यांतील सुमारे एकतृतीयांश लोकांना त्याची तोवर दादही नव्हती. स्त्रियांत प्रमाण अधिक होते. श्वासरोधाचे प्रमाणही लहान नाही. मुंबईतील पस्तीस ते पासष्ट वयाच्या पुरुषांची जी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तीत शेकडा साडेसात जणांना दिवसाच्या झोपाळूपणासह हा विकार असल्याचे दिसले. इतके सर्रास असलेले दोन विकार पुष्कळदा एकाच माणसाच्या वाट्याला केवळ योगायोगानेही येणारच. ते एकत्र सापडले म्हणजे एक दुसऱ्याचे कारण आहे, असे ठरत नाही. श्वासरोधाच्या बहुसंख्य रुग्णांची अवटू ग्रंथी निरोगी असते.

जाता जाता मिठाविषयी. कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून प्रयोग करून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड हटतो हे सिद्ध केले, आणि १९६२ साली त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ते फार मोठे कार्य झाले. परंतु आज शहरांत ग्रंथी मंदावते ती बहुधा शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटल्यामुळे. तेथे आणखी आयोडीन खाऊन लाभ नाही. कधी अपायही होतो.

दोन विकारांची गल्लत झाली म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण सांगतो. आमचे एक सहकारी शिक्षक, पन्नाशीचे, भरल्या अंगाचे. दुपारच्या तासाला खुर्चीवर बसले की त्यांची मान कलंडे. मुलांनी त्यांना नाव ठेवले होते. ते मी येथे सांगत नाही. रक्त तपासले, टीएसएच वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी आकडा अगदी नियमात आला. मान मात्र पूर्ववत कलंडतच होती. गोळीची मात्रा वाढवावी, असा त्यांचा हट्ट, वैद्य वाढवीनात. अखेर एकदा त्यांच्या पत्नी बरोबर गेल्या आणि म्हणाल्या, 'डॉक्टरसाहेब, यांचा श्वास रात्री थांबतो, तो पुन्हा सुरू होईपर्यंत मी उठून बसते. चार वर्षे झाली.' चार वर्षांत ही गोष्ट त्यांना कोणी विचारलीच नव्हती! निद्रापरीक्षा झाली, तेव्हा तासाला चाळीसच्या वर घटना मोजल्या गेल्या. हे गृहस्थ रोज स्कूटरवरून सोळा किलोमीटर जात-येत असत, हे आठवले की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

स्त्रियांच्या बाबतीत ही गल्लत आणखी सहज होते. घरातील पुरुष पेंगू लागला, तर निदान कोणी तरी म्हणते की हा घोरतो फार. बाई थकली, तर तिला एक तर 'दगदग' सांगतात किंवा 'थायरॉइड'. श्वासरोध असलेली स्त्री पुरुषाइतकी मोठ्याने घोरेलच असे नाही. ती सांगते, की झोप वारंवार मोडते, सकाळी डोके दुखते, कशात मन लागत नाही. मासिक पाळी थांबल्यानंतर तिच्यात हा धोका वाढतो. आणि नेमक्या त्याच वयात अवटू ग्रंथीही कुरबुरू लागते. गोळी चालू आहे, आकडा बरा आहे, तरी थकवा जात नाही असे जी स्त्री म्हणते, तिची पुष्कळदा समजूत घातली जाते. तिच्या झोपेची चौकशी व्हावयास हवी.

श्वासरोधाची गोष्ट शास्त्राला फार उशिरा उमगली. चार्ल्स डिकन्स यांच्या १८३६-३७ मधील 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. सव्वाशे वर्षे वाचक त्याला हसले. १९५६ साली बॉस्टनच्या वैद्यांनी एका अतिस्थूल व्यापाऱ्याची हकीकत छापली. पत्ते खेळताना त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि एवढे पान हाती असता तो झोपी गेला! त्या लेखाला त्यांनी पिकविकचेच नाव दिले. परंतु रात्री श्वास बंद पडतो हे त्यांच्याही ध्यानात आले नाही. ते फ्रान्स आणि जर्मनीतील संशोधकांनी १९६५ साली झोपेतील श्वासाची नोंद घेऊन दाखविले.

उपायांत सर्वांत खात्रीचा उपाय सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे मांडला. नाकावर मुखवटा बसवून लहान यंत्राने हवेचा सौम्य दाब देत राहावयाचे, म्हणजे घशाच्या भिंती मिटत नाहीत. प्रारंभीची यंत्रे व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीवर चालत. या यंत्राला सीपॅप म्हणतात. पहिले काही दिवस ते अडगळीसारखे वाटते. पण आमच्या सहकाऱ्यांना आठवड्याभरातच सकाळ म्हणजे काय ते समजले, असे ते स्वतः सांगतात. एक गोष्ट मात्र येथे स्पष्ट केली पाहिजे. या यंत्राने वजन उतरत नाही; काहींचे किंचित वाढते. ते काम आहाराचे, चालण्याचे आणि आवश्यक तर औषधाचे. टिर्झेपेटाइड नावाच्या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये स्थूल माणसांच्या मध्यम व तीव्र श्वासरोधावर मान्यता मिळाली. परंतु ज्यांच्या कुटुंबात अवटू ग्रंथीचा मेड्युलरी जातीचा कर्करोग झालेला आहे, त्यांना ते वर्ज्य आहे. म्हणून शेजाऱ्याला लागू पडले एवढ्यावर ते घेऊ नये.

आणि वजन उतरावे म्हणून थायरॉक्सिनची गोळी घेण्याचा मोह तर कोणी धरूच नये. मरे यांच्या शोधानंतर लवकरच लोक या अर्काने बारीक होऊ पाहू लागले, आणि तो खेळ अजून थांबलेला नाही. निरोगी ग्रंथीच्या माणसाने अशी मात्रा घेतली, तर चरबीबरोबर स्नायू झिजतात, हाडे पोकळ होतात आणि हृदयाचा ताल बिघडतो. ज्याचा श्वास रात्री थांबतो त्याच्या बाबतीत धोका दुहेरी आहे. एकीकडे श्वासरोधाने प्राणवायू कमी पडतो आणि दुसरीकडे थायरॉक्सिनमुळे हृदय अधिक प्राणवायू मागते. म्हणून ज्यांना ती गोळी खरोखरच हवी आहे, अशा वृद्ध किंवा हृदयविकाराच्या रुग्णांतही वैद्य अगदी लहान मात्रेने प्रारंभ करतात.

ही गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा निदान अर्ध्या तासाने प्यावा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. श्वासरोधाची शंका असेल, तर झोपेच्या गोळ्या आणि रात्रीचे मद्य टाळावे, कारण दोहोंनी घशाचे स्नायू अधिक सैल होतात. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आपण घोरतो हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे. गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या पुढे असेल, रक्तदाब औषधांना दाद देत नसेल आणि दिवसा डोळा लागत असेल, तर निद्रापरीक्षेविषयी आपण होऊन विचारावे. वजन पुष्कळ उतरले, तर यंत्राचा दाब आणि थायरॉक्सिनची मात्रा दोन्ही पुन्हा तपासून घ्यावी लागतात. आणि वैद्याकडे जाताना, ज्याने ते घोरणे ऐकले आहे त्या माणसाला बरोबर न्यावे. तो येऊ शकत नसेल, तर रात्री मोबाइल उशाशी ठेवून पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून न्यावे.